बेअरिंगच्या नंबराची शेपटी



मागच्या दोन-तीन पोस्ट सिग्नल प्रोसेसिंगवर झाल्या आणि माझ्या आईसकट बऱ्याच जणांनी "कळलं काही नाही, पण छान लिहिलंयस" असा अभिप्राय दिला. म्हणून आज हातात धरता येईल असा विषय घेतेय: मशीनसाठी बेअरिंग निवडायचं कसं? तेही सगळ्यात साधं, सगळीकडे सापडणारं डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग. पंखा, पंप, मोटर, पिठाची गिरणी, कन्व्हेयर, काहीही उघडा, आत बहुतेक हेच निघेल. दोन रिंगा, दोन्हींत कोरलेली खोल खोबण, मधे छर्रे आणि छर्ऱ्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारा केज. बस्स.

हा विषय सुचण्याचं कारण म्हणजे मी स्वतः त्यात सपशेल तोंडावर आपटले होते. तर झालं असं...

मामाचा फोन

माझ्या मामाचं एमआयडीसीत पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. लोखंडी भाग रंगाच्या पावडरने फवारायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचे. ओव्हनमधली हवा १८० ते २०० अंशांच्या आसपास असते आणि ती फिरवत ठेवायला एक ब्लोअर असतो. फॅन गरम भिंतीच्या आत, मोटर आणि पट्टा बाहेर. मधल्या शाफ्टला दोन बेअरिंगं. त्यातलं फॅनकडचं बेअरिंग सारखं जायला लागलं होतं.

नवा ब्लोअर आला तेव्हा पहिलं बेअरिंग तीन वर्षं चाललं. त्यानंतरचं तीन महिने, मग चार, मग साडेतीन. प्रत्येक वेळी ओव्हन दोन दिवस बंद, माल अडकलेला, गिऱ्हाईक फोनवर. मामाचा संशय फिटरकाकांवर. काका वीस वर्षं तिथे आहेत, पण मामा म्हणायला लागला होता, "आता त्यांचा हात जड झालाय, ठोकून ठोकून बसवतात." त्या वर्षीची काकांची पगारवाढसुद्धा त्यानं अडवून धरली होती.

मग मला फोन. "अगं, तू बेअरिंगवरच पीएचडी करतेयस ना? मग सांग की कुठलं टाकू!"

आता खरी गोष्ट अशी, की मी बेअरिंग निवडण्यावर पीएचडी करत नाही. खराब होत असलेलं बेअरिंग त्याच्या कंपनांवरून लवकर ओळखता येईल का, हा माझा विषय. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने खुला केलेला कंपनांचा डेटा या क्षेत्रातला जवळपास प्रत्येक जण वापरतो. त्यात मोटरच्या ड्राइव्हकडे ६२०५ नंबरचं बेअरिंग आहे. बाहेरच्या रिंगवर ओरखडा असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात छर्रे त्याच्यावर सरासरी ३.५८ वेळा आपटतात, हे मला झोपेतही आठवतं. पण त्या डेटातले दोष विजेच्या ठिणगीने मुद्दाम कोरलेले आहेत. बेअरिंग त्या अवस्थेला का पोचलं, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. मामाचा प्रश्न नेमका तोच होता. मला वाटलं, त्यात काय एवढं, गणित तर सोपं आहे.

आधी नंबर वाचू

ब्लोअरमध्ये ६२०८ होतं. हा नंबर कसा वाचायचा ते बघा. पहिला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग. दुसरा आकडा २ म्हणजे मालिका, अंगाने किती भरलेलं ते. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं: ०८ गुणिले ५ म्हणजे ४० मिलिमीटरचा शाफ्ट. (हा नियम ०४ पासून पुढे लागू होतो. ००, ०१, ०२, ०३ म्हणजे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटर.)

एकाच ४० मिलिमीटर शाफ्टसाठी वेगवेगळ्या अंगाची बेअरिंगं मिळतात. ६००८ चा बाहेरचा व्यास ६८ मिलिमीटर, ६२०८ चा ८०, ६३०८ चा ९०. अंग वाढलं की छर्रे मोठे होतात आणि भार उचलायची ताकद वाढते. कंपनी कुठलीही असो, ही मापं तीच, कारण ती आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरलेली आहेत. म्हणून तर दुकानात जाऊन नुसतं "बासष्ट आठ द्या" म्हणता येतं.

हे "बासष्ट आठ" म्हणणंच पुढे महागात पडलं, पण ते नंतर.

आयुष्याचं गणित

प्रत्येक बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये एक आकडा असतो: डायनॅमिक लोड रेटिंग, थोडक्यात "सी". याचा अर्थ, एवढ्या भाराखाली बेअरिंग १० लाख फेरे करेल. म्हणजे एकसारख्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद तरी करतील. उरलेली दहा त्याआधीच जातील. या आयुष्याला एल१० म्हणतात. हमी नव्हे, शक्यता. निम्मी बेअरिंगं साधारण याच्या चार-पाच पट चालतात.

प्रत्यक्षात आपण सी एवढा भार कधीच टाकत नाही. भार कमी केला की आयुष्य घनाच्या प्रमाणात वाढतं. सी ला प्रत्यक्ष भाराने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा, उत्तर दशलक्ष फेऱ्यांत येतं.

आता मामाचा ब्लोअर. फॅनचं वजन, तो शाफ्टच्या टोकाला लटकतो म्हणून वाढणारा भार, थोडं असंतुलन, हे सगळं धरून मी हात सैल सोडून ३ किलोन्यूटन घेतले. म्हणजे साधारण ३०० किलो वजनाएवढा भार. ६२०८ चा सी कंपनीनुसार थोडा बदलतो, ३० किलोन्यूटन धरू. तीस भागिले तीन, दहा. दहाचा घन हजार. म्हणजे हजार दशलक्ष, अर्थात १०० कोटी फेरे. मिनिटाला १,४४० फेऱ्यांनी हे झाले सुमारे ११,५७० तास. ब्लोअर महिन्याला ४०० तास चालतो, तर जवळपास २९ महिने.

६३०८ चा सी साधारण ४० किलोन्यूटन. म्हणजे सी वाढला एक-तृतीयांश, पण घनामुळे आयुष्य झालं २.३७ पट, सुमारे २७,४०० तास. साडेपाच वर्षांहून जास्त!

हा घन दोन्ही बाजूंनी चालतो, हे मात्र लक्षात ठेवा. पट्टा जरा जास्त ताणला आणि बेअरिंगवरचा भार २० टक्क्यांनी वाढला, तर आयुष्य ५८ टक्क्यांवर येतं. भार दुप्पट झाला तर एक-अष्टमांश. "पट्टा घसरतोय, अजून एक आटा मार" असं म्हणताना हे कोणाच्या डोक्यात नसतं.

ही सगळी मांडणी काही आजची नाही. जर्मनीत रिचर्ड स्ट्रिबेक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉल बेअरिंगांच्या भारावर पद्धतशीर प्रयोग केले. स्वीडनमध्ये आर्विड पामग्रेन यांनी १९२४ मध्ये आयुष्याची कल्पना मांडली आणि १९४७ मध्ये गुस्ताफ लुंडबर्ग यांच्यासोबत तिला शक्यताशास्त्राचा पाया दिला. त्यासाठी त्यांनी वापरलं ते वालोडी वायबुल यांचं वितरण. आजचं आयएसओ २८१ हे मानक त्याच पायावर उभं आहे.

तर एवढं सगळं गणित करून मी मामाला ऐटीत सांगितलं, "मामा, बेअरिंग लहान पडतंय. ६३०८ टाक. हाउसिंग ८० चं ९० करून घे. आणि काकांना सांग, ग्रीस भरपूर भरा."

लेथवर हाउसिंग बोअर झालं. नवं बेअरिंग बसलं. आणि ते पाच आठवड्यांत गेलं.

गणित ओरडून सांगत होतं

मामा मला काही बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं. आणि संशय पुन्हा काकांवरच गेला, कारण आता तर "पीएचडीवालीनं सांगितलेलं" बेअरिंगही टिकलं नव्हतं.

त्या रात्री मी माझंच गणित परत काढलं. ६२०८ चं एल१० साधारण ११,५७० तास. प्रत्यक्षात बेअरिंगं जात होती सरासरी १,४०० तासांत. म्हणजे एल१० च्या जेमतेम १२ टक्क्यांत. इथे वायबुलचं सूत्र वापरता येतं. मानकात धरतात तसा उतार १.५ घेतला, तर योग्य भाराचं एखादं बेअरिंग निव्वळ थकव्याने १,४०० तासांच्या आत जाण्याची शक्यता हजारात साधारण चार. ठीक आहे, एखादं असतं कमनशिबी. पण लागोपाठ तीन? त्याची शक्यता कोटीत एखादी!

आता समजा, भाराचा माझा अंदाजच चुकला होता. तर १,४०० तास हेच एल१० यायला भार दुप्पट, म्हणजे सहा किलोन्यूटन हवा. फॅन तर तोच होता, आणि त्याच फॅनखाली पहिलं बेअरिंग तीन वर्षं चाललं होतं.

मला सांगायचंय ते हेच. एल१० चं गणित आपण बेअरिंग निवडायला शिकतो. पण त्याचा दुसरा उपयोग तितकाच मोठा आहे. बेअरिंग गणिताच्या कितीतरी आधी गेलं, तर गुन्हेगार भार नाही, हे ते गणितच सांगतं. आणि भार गुन्हेगार नसेल, तर मोठं बेअरिंग हा इलाज नाही. मी आजार न बघता डोस वाढवला होता.

चाकोरी

शनिवारी मी युनिटवर गेले. काकांनी सगळी गेलेली बेअरिंगं एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. कोणी विचारलंच नव्हतं त्यांना! आम्ही कटरने रिंगा कापून ती उघडली.

बेअरिंग चालतं तेव्हा छर्ऱ्यांच्या वाटेवर खोबणीत एक मंद, मळकट पट्टा उमटतो. बैलगाडीच्या रस्त्यावर चाकोरी पडते तसा. ही चाकोरी वाचता आली की बेअरिंग आपली कहाणी सांगतं. आतली रिंग फिरते आणि भार एकाच दिशेला असतो, तेव्हा आतल्या रिंगवर चाकोरी पूर्ण गोल असते, पण बाहेरच्या रिंगवर फक्त भाराच्या बाजूला, अर्ध्याहून कमी भागात. वरच्या भागात छर्रे नुसते मोकळे जातात.

आमच्या चारही बेअरिंगांत चाकोरी बाहेरच्या रिंगवरही पूर्ण गोल होती. बरोबर मध्यावर, चहूबाजूंनी सारखी रुंद. रिंगांचा रंग तपकिरी-निळसर झालेला आणि ग्रीस जळून काळं कुट्ट.

ही खूण पुस्तकात असते तशी निघाली. छर्रे सगळ्या बाजूंनी आवळले गेले होते. बेअरिंगच्या आत जो थोडासा मोकळेपणा असायला हवा, तो चालताना संपून गेला होता.

मी काकांना विचारलं, "काका, पहिलं बेअरिंग आठवतंय? कंपनीकडून आलेलं?" काकांनी डब्याच्या तळाशी हात घातला आणि तेही काढून दिलं. त्याच्या रिंगेवर कोरलेलं होतं: ६२०८ सी३. नंतर दुकानातून आलेल्या तिन्हींवर नुसतं ६२०८. आणि माझं शहाणपणाचं ६३०८ सुद्धा नुसतं ६३०८.

मायक्रॉनचा हिशोब

सी३ म्हणजे काय? बेअरिंगच्या आतला क्लिअरन्स, म्हणजे प्ले, नेहमीपेक्षा जास्त. इथला सी आणि लोड रेटिंगचा सी यांचा संबंध नाही. नंबरापुढे काहीच लिहिलेलं नसेल तर क्लिअरन्स नेहमीचा.

४० मिलिमीटर बोअरच्या बेअरिंगात नेहमीचा क्लिअरन्स ६ ते २० मायक्रॉन असतो. सी३ मध्ये १५ ते ३३. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे सगळा खेळ केसाच्या एका तुकड्यात चाललाय.

हा क्लिअरन्स कुठे जातो ते बघा.

पहिली वाट: फिटिंग. आतली रिंग शाफ्टवर घट्टच बसली पाहिजे, नाहीतर ती शाफ्टवर सरकत राहते आणि शाफ्ट खाते. समजा शाफ्ट बेअरिंगच्या भोकापेक्षा १० मायक्रॉन जाड आहे. रिंग ताणून बसते आणि त्या १० पैकी साधारण ८ मायक्रॉन आतली खोबण बाहेर ढकलतात. क्लिअरन्स ८ ने कमी.

दुसरी वाट: उष्णता. ओव्हनची गरमी शाफ्टमधून थेट आतल्या रिंगेत येते. बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये, तुलनेनं थंड. दोन्हींत १५ अंशांचा फरक धरा. पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. ६२०८ चा सरासरी व्यास ६० मिलिमीटर. गुणाकार केला की जवळपास ११ मायक्रॉन. क्लिअरन्स आणखी ११ ने कमी.

एकूण गेले १९. नेहमीच्या बेअरिंगचा मधला क्लिअरन्स १३. शिल्लक उणे ६. म्हणजे फट नाहीच, उलट छर्रे दाबले गेले. दाबामुळे घर्षण, घर्षणामुळे आणखी उष्णता, उष्णतेमुळे आतली रिंग आणखी फुगते. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. सी३ चा मधला क्लिअरन्स २४. त्यातून १९ गेले तरी ५ मायक्रॉन उरतात. बेअरिंग आरामात चालतं.

आणि ६३०८? बोअर तोच ४०, म्हणून क्लिअरन्सही तोच. सरासरी व्यास मात्र ६५, म्हणून उष्णतेने जाणारा क्लिअरन्स थोडा जास्तच. शिवाय माझं "ग्रीस भरपूर भरा". ग्रीस ठासून भरलं की छर्रे ते घुसळत राहतात आणि बेअरिंग तापतं. आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण एक-तृतीयांश ते निम्मं ग्रीस पुरतं. मी आजार होता तसाच ठेवून वरून ताप वाढवला होता.

मग सगळीकडे सी३च टाकायचं का?

नाही! हा प्रश्न मामानेही लगेच विचारला. क्लिअरन्स गरजेपेक्षा जास्त असेल तर भार कमी छर्ऱ्यांवर येतो, आवाज वाढतो, शाफ्ट हलतो. थंड जागी, हलक्या फिटिंगवर, आवाज नको असलेल्या मशीनमध्ये नेहमीचा क्लिअरन्सच बरा. सी३ म्हणजे "चांगल्या प्रतीचं" नव्हे.

नंबराच्या शेपटीत आणखीही अक्षरं असतात. बघा:

झेडझेड किंवा २झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. ती आतल्या रिंगेला टेकत नाहीत, म्हणून घर्षण कमी, पण बारीक धूळ आणि पाणी आत जाऊ शकतं. २आरएस म्हणजे टेकणारी रबरी सीलं. काही कंपन्या यालाच डीडीयू किंवा एलएलयू म्हणतात. धूळ-पाण्यापासून संरक्षण उत्तम, पण वेगाची मर्यादा खाली येते आणि नेहमीचं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंतच टिकतं. पिठाच्या गिरणीला २आरएस चांगलं, ओव्हनजवळ विचार करून.

दोन्ही बाजूंनी झाकलेल्या बेअरिंगात ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. ते संपलं की बेअरिंग संपलं. साध्या लिथियम ग्रीसचा ढोबळ नियम असा, की ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ८५ ला निम्मं, १०० ला पाव. जास्त गरम जागी पॉलियुरियासारखं उच्च तापमानाचं ग्रीस लागतं. पण जुनं न पुसता वरून दुसऱ्या जातीचं भरू नका. दोन्ही एकमेकांत मिसळून पातळ होऊ शकतात आणि गळून जातात.

निवडीचा क्रम

आता मला कोणी "कुठलं बेअरिंग टाकू" विचारलं तर मी या क्रमाने जाते. हवं तर लिहून ठेवा.

१. आधीचं बेअरिंग किती तास चाललं आणि त्याची चाकोरी कशी आहे? गेलेलं बेअरिंग फेकू नका. नव्या मशीनसाठी निवडत असाल तर ही पायरी गाळा.

२. भार किती आणि कुठल्या दिशेचा? शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येणारा भारही डीप ग्रूव्ह बेअरिंग सोसतं, पण तो मोठा असेल तर गणितात वेगळा धरावा लागतो. भार फार कमी असणंही वाईट. बॉल बेअरिंगवर सी च्या निदान एक टक्का भार हवा, नाहीतर छर्रे फिरण्याऐवजी घसरतात. "मोठं टाका, टिकेल" हे इथेही खोटं ठरतं.

३. एल१० किती हवं? दहापैकी एक बेअरिंग त्याआधी जाणं परवडतं का? शंभरात एकच चालेल असं असेल तर गणितातलं आयुष्य पाव धरा.

४. वेग कॅटलॉगच्या मर्यादेत आहे ना? ब्लोअरचे १,४४० फेरे या आकाराला काहीच नाहीत.

५. उष्णता कुठून येते? शाफ्टमधून येत असेल तर क्लिअरन्सचा हिशोब कागदावर मांडा. शाफ्ट लांबीलाही वाढतो. ६०० मिलिमीटरचा शाफ्ट सांगाड्यापेक्षा ४० अंशांनी जास्त तापला तर जवळपास ०.३ मिलिमीटर वाढेल. म्हणून दोनपैकी एक बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकायला मोकळं हवं.

६. धूळ, पाणी, ग्रीस. त्यावरून झाकण की सील की उघडं, ते ठरवा.

७. शाफ्ट आणि हाउसिंगचं माप मायक्रोमीटरने घ्या. शाफ्ट वाकडा किंवा हाउसिंग तिरकं असेल तर हे बेअरिंग माफ करत नाही. ते काही मिनिटांचाच तिरकेपणा सोसतं, आणि मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग.

८. शेवटी पूर्ण नंबर लिहा, शेपटीसकट. दुकानात तोंडी सांगू नका. कागद द्या आणि रिंगेवर कोरलेलं वाचून मगच घ्या.

पहिले चार आकडे शाफ्ट आणि भार सांगतात. मशीन कुठल्या परिस्थितीत चालतंय, ते शेपटीत असतं. आणि मामाकडे बेअरिंगं जात होती ती परिस्थितीने.

पुढे काय झालं

हाउसिंग ९० चं झालंच होतं, म्हणून ६३०८ सी३ आणलं. ते काकांनीच बसवलं. इंडक्शन हीटरवर तापवून, एकही ठोका न मारता. ते म्हणाले, आधीचीही त्यांनी अशीच बसवली होती. ग्रीस उच्च तापमानाचं, मोजून एक-तृतीयांश. पहिल्या दिवशी आम्ही दोघं दर अर्ध्या तासाने हाउसिंगचं तापमान वहीत लिहीत होतो. ते चढलं, ७० च्या खाली स्थिरावलं आणि तिथेच राहिलं. आता चौदा महिने झाले. ब्लोअर चालू आहे.

काकांची अडवलेली वाढ मामाने दिली, मागच्या महिन्यांच्या फरकासह. मी काकांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "अगं पोरी, मला तर सी३ म्हणजे कंपनीचा काहीतरी कोड वाटायचा." मग जरा थांबून म्हणाले, "पण तू डबा उघडायला आलीस ते बरं केलंस."

तो डबा आता माझ्या लॅबमध्ये टेबलावर आहे. ठिणगीने कोरलेले दोष अभ्यासून कंटाळा आला की मी त्यातली एखादी रिंग काढून बघते. पूर्ण गोल चाकोरी. माझ्या प्रबंधात आता एक नवं प्रकरण आलंय: क्लिअरन्स संपत चाललाय हे बेअरिंग जळण्याआधी कंपनांवरून ओळखता येईल का? त्याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये. आईला कळेल असं लिहायचा प्रयत्न करते.